उठावाची तारीख पुसता यावी म्हणून : माझा अनुभव

नागपूरच्या कळमना भागातील एका शीतगृहासाठी आवक-जावक नोंदवणारी प्रणाली मी तयार केली. तक्ते, पावत्या आणि छपाई यांनी काहीच त्रास दिला नाही. अडले ते तारखेच्या एका चौकटीत, आणि त्याची चीड अजूनही गेलेली नाही.

संत्र्याचा माल उचलण्याचे ठरले की लिपिक उठावाची तारीख भरत असत, परंतु गाडी रद्द झाली तर ती पुसणे आवश्यक होते. "भाऊ, टाकलेली तारीख निघूनच नाही राहिली," ही त्यांची तक्रार अगदी रास्त होती, कारण तारीख राहिली की पडून असलेल्या पेट्यांचे भाडे थांबत असे.

विंडोज फॉर्म्स या पडदे तयार करण्याच्या साधनातील डेटटाइमपिकर (तारीख निवडण्याचे नियंत्रण) रिकामा राहूच शकत नाही. त्याच्या पोटात कोणती ना कोणती तारीख असतेच, आणि त्याची किमान मर्यादा १ जानेवारी १७५३ आहे. ब्रिटनने सप्टेंबर १७५२ मध्ये ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारली, त्यानंतरचे हे पहिले पूर्ण वर्ष. "रिकामी म्हणजे १७५३ समजा" असा सल्ला मला मिळाला होता. तो मी मानला नाही, कारण खोटी तारीख प्रत्येक अहवालात खरी म्हणूनच मोजली जाते. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या डेटटाइम (तारीख-वेळेच्या) स्तंभात रिकामा मजकूर पाठवल्यास तेथे १ जानेवारी १९०० उमटते, हेही ध्यानात ठेवावे. स्तंभाला नल (म्हणजे "मूल्यच नाही") चालेल असे ठरवून नलच पाठवावा.

नियंत्रणाला टिचकीची चौकट जोडण्याची सोय आहे, परंतु टिचकी काढल्यावरही तारीख फिकट रंगात दिसत राहते, आणि घाईच्या वेळी लिपिक ती खरी समजतात. म्हणून कस्टम फॉरमॅटमध्ये (तारीख कशी दिसावी हे ठरवणाऱ्या नमुन्यात) केवळ एक मोकळी जागा देऊन मी तारीख दिसेनाशी केली आणि हे काम डिलीट कळीला जोडले. पडद्यावर चौकट रिकामी दिसू लागली, तरी जतन करून नोंद पुन्हा उघडली की जुनी तारीख हजर! पोटातील मूल्य बदललेले नसल्यामुळे बाइंडिंगच्या (चौकट आणि नोंद यांना जोडणाऱ्या यंत्रणेच्या) दृष्टीने काही घडलेलेच नव्हते. शेवटी डिलीट दाबताच डेटारोमधील (प्रणालीतील त्या नोंदीच्या ओळीतील) त्या स्तंभात थेट डीबीनल (डेटाबेससाठीचा नल) लिहिले, तेव्हा कुठे सुटका झाली आणि मला मनापासून आनंद झाला.

तरीही एक अडथळा उरला होता. पुसलेलीच तारीख दिनदर्शिकेतून पुन्हा निवडली तर व्हॅल्यूचेंज्ड ही मूल्य बदलल्याची घटना घडतच नाही, आणि चौकट कोरीच राहते. त्यासाठी दिनदर्शिका मिटतानाची क्लोजअप घटना वापरावी.

नोंद बदलताना नल आल्यास चौकट कोरी करण्याची सूचना आधीच लिहावी. अन्यथा मागच्या शेतकऱ्याची तारीख पुढच्याच्या नावावर दिसते. रिकाम्या तारखा शोधताना बरोबरचे चिन्ह (=) चालत नाही, "इज नल" असेच लिहावे लागते. आणि बिल निघाल्यानंतर तारीख पुसण्याचा अधिकार फक्त व्यवस्थापकांकडे ठेवावा, तसेच पुसलेली तारीख व पुसणाऱ्याचे नाव वेगळ्या तक्त्यात नोंदवावे.