होस्टिंगचा धंदा शिकताना: महिना चौथा

मंडळी, होस्टिंग म्हणजे लोकांच्या वेबसाईट आपल्या सर्व्हरवर ठेवून चालवायच्या, तो धंदा मी शिकतेय. मागच्या वेळी लिहिलं तेव्हा सर्व्हर नुसता उभा होता, आता त्याच्यावर ओळखीच्या लोकांच्या पाच साईट चालू आहेत. पैसे अजून कुणाकडूनच घेत नाहीये आणि आणखी दोन-तीन महिने तरी घेणार नाही, का ते खाली येईलच.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. बहुतेक जण सुरुवात रिसेलर अकाउंटने करतात, म्हणजे मोठ्या सर्व्हरवरचा एक तुकडा घ्यायचा, त्यातल्या डब्ल्यूएचएममधून (अकाउंट बनवायचं पॅनेल) गिऱ्हाइकांना सीपॅनेल (ज्यातून ते आपली साईट सांभाळतात) काढून द्यायचं, बाकी खालचं सगळं कंपनी बघते. धंदा पटकन सुरू करायचा असेल तर तोच रस्ता बरा, असं माझं प्रामाणिक मत आहे. पण मला ते खालचंच शिकायचं होतं, म्हणून साधा व्हीपीएस (मोठ्या सर्व्हरवरचा आपला स्वतंत्र आभासी सर्व्हर) घेतला, 2 जीबी रॅम, 40 जीबी डिस्क, डेबियन 12 (लिनक्सचा एक प्रकार), आणि पॅनेल न टाकता एन्जिनएक्स (वेब सर्व्हर), पीएचपी-एफपीएम (साईटचा पीएचपी कोड चालवणारं), मारियाडीबी (डेटाबेस) सगळं हाताने बसवलं.

आता या महिन्याची मोठी गोष्ट. सकाळी सात वाजता मैत्रिणीचा मेसेज, "अगं, साईट उघडतच नाहीये, आज ॲडमिशनचा फॉर्म टाकायचाय." लॉगमध्ये बघितलं तर डिस्कवर जागा नाही म्हणतोय, आणि डीएफ (डिस्क किती भरलीय ते सांगणारी कमांड) मारलं तर डिस्क फक्त 38 टक्के भरलेली. अर्धा तास मी त्या दोन ओळींकडे आळीपाळीने बघत होते. मग कुठेतरी वाचलेलं आठवलं आणि डीएफला -आय लावून बघितलं, आयनोड 100 टक्के! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ईएक्सटी4 मध्ये (लिनक्सची डिस्कवर फाईली ठेवायची पद्धत) प्रत्येक फाईलला एक आयनोड, म्हणजे तिची नोंद ठेवायची जागा, लागतो आणि त्यांचा आकडा फॉरमॅट करतानाच ठरतो, डिफॉल्टला दर 16 केबीमागे एक, म्हणजे माझ्या 40 जीबीला साधारण 26 लाख. फाईल शून्य बाइटची असली तरी एक आयनोड खातेच.

आणि त्या होत्या खरंच शून्य बाइटच्या, पीएचपीच्या सेशन फाईली, म्हणजे साईटवर आलेल्या प्रत्येकाची तात्पुरती नोंद. एका अकाउंटचं सेशन दुसऱ्याला वाचता येऊ नये म्हणून मी प्रत्येकाचा सेशन फोल्डर वेगळा केला होता, पूलच्या (त्या अकाउंटच्या पीएचपी सेटिंगच्या) फाईलमध्ये, ते बरोबरच होतं. पण डेबियनवर पीएचपीची स्वतःची सेशन साफसफाई बंद असते, ते काम दर अर्ध्या तासाने एक वेगळी स्क्रिप्ट करते, आणि ती पीएचपी-आयएनआय या मुख्य सेटिंग फाईलमधला पाथ बघते, पूलमधला नाही. म्हणजे माझे फोल्डर कुणी झाडतच नव्हतं. त्यात एक बॉट (आपोआप साईटी उघडत फिरणारा प्रोग्राम) त्या साईटवर चिकटलेला, सेकंदाला साधारण एक रिक्वेस्ट, कुकी ठेवत नाही म्हणून दरवेळी नवीन सेशन. दिवसाला 86,400, तीस दिवसांत जवळपास 26 लाख, हिशोब तंतोतंत बसतो. आरएम ही फाईली पुसायची कमांड चाललीच नाही, आर्ग्युमेंटची यादी फार लांब आहे म्हणाला, शेवटी फाइंड या शोधायच्या कमांडला -डिलीट लावून सोडलं आणि वीसेक मिनिटं वाट बघितली. फॉर्म दुपारी टाकला तिने. काही बोलली नाही, पण मला दिवसभर वाईट वाटत होतं. आता प्रत्येक फोल्डरला क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) आहे आणि प्रत्येक अकाउंटला आयनोडचा कोटा. "अनलिमिटेड" प्लॅनच्या अटींमध्ये फाईलींच्या संख्येची मर्यादा का लिहिलेली असते ते आता बरोब्बर कळलं.

मेलचं म्हणाल तर तिथे मी निर्णय घेतला, मेलबॉक्स विकायचा नाही. मेल बाहेर पाठवायचा 25 नंबरचा पोर्ट प्रोव्हायडरने मुळातच बंद ठेवलेला, तिकीट टाकून उघडून घेतला, आयपीवरून नाव सांगणारा पीटीआर रेकॉर्ड लावला (हा आपल्या डीएनएस झोनमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदींमध्ये, नाही तर ज्याचा आयपी त्याच्याकडे लावायचा असतो, यात माझा एक दिवस गेला), एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच आपल्याकडूनच गेलाय हे पटवणाऱ्या नोंदी) सगळं केलं आणि तरीही मेल स्पॅममध्येच. आयपी आधी कुणी काय कामाला वापरलाय ते आपल्या हातात नाही. शिवाय पाच जणांचा एकच आयपी, एकाचा काँटॅक्ट फॉर्म हॅक झाला की पाचही जणांचे मेल अडकणार. त्यामुळे आता सगळं 587 नंबरच्या पोर्टवरून रिलेमार्फत (मेल पुढे पोचवणारी बाहेरची सेवा) जातं आणि पोचतं.

बॅकअपबद्दल मी निर्धास्त होते. बोर्ग या बॅकअप प्रोग्रामने रोज रात्री दुसऱ्या कंपनीच्या, दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरवर जातो. 10 मार्च 2021 ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली तेव्हा ज्यांचे बॅकअप त्याच आवारात होते त्यांचे तेही गेले, हे वाचल्यापासून एवढं तरी पक्कं केलं होतं. पण रिस्टोअर कधी केलंच नव्हतं. या आठवड्यात कोरा व्हीपीएस घेऊन घड्याळ लावून बसले. फाईली 11 मिनिटांत आल्या, डेटाबेसही आला, साईट मात्र उघडेना, कारण एका डेटाबेसच्या डंपमध्ये (फाईलमध्ये काढलेल्या प्रतीमध्ये) युजर आणि त्याच्या परवानग्या येत नाहीत. एन्जिनएक्सच्या फाईली, पूल, क्रॉन, सर्टिफिकेट हे ईटीसी आणि व्हार या फोल्डरमध्ये आणि मी बॅकअप घेत होते फक्त होम फोल्डरचा. सगळं पुन्हा हाताने लिहून साईट दिसेपर्यंत 2 तास 10 मिनिटं गेली. 99.9 टक्के अपटाइम म्हणजे महिन्याला साईट फार तर 43 मिनिटं बंद, आणि मी माझ्या प्लॅनच्या कच्च्या मसुद्यात तोच आकडा लिहून ठेवला होता! तो खोडलाय, एकदा तरी 43 मिनिटांच्या आत रिस्टोअर जमेपर्यंत परत लिहिणार नाही.

अजून एक राहिलंय, डोमेनचा पत्ता सांगणारे माझे दोन्ही नेमसर्व्हर एकाच आयपीवर आहेत. ग्लू रेकॉर्ड (नेमसर्व्हरच्या आयपीची वरच्या पातळीवरची नोंद) लावलेत, चालतंय, पण सर्व्हर बसला की डीएनएसही बसणार, मग दोन नावं असून उपयोग काय. दुसरा वेगळ्या नेटवर्कवर हलवायचाय. आणि डंपमध्ये युजर आणि बॅकअपमध्ये ईटीसी घालून झालंय, रविवारी परत घड्याळ लावून बसतेय, या वेळी त्या मैत्रिणीच्या साईटवर.