‘ॲट ॲक्च्युअल’ म्हणजे नक्की काय?

भोसरीत आमचं सीएनसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांचं, छोटं युनिट आहे. पितळी फिटिंग बनवतो, निम्मा माल इंग्लंडला जातो. मार्चमध्ये क्लिअरिंग एजंटचं, म्हणजे कस्टम्समधून माल पार करून देणाऱ्याचं, बिल आलं. एजन्सी चार्ज, वाहतूक, टर्मिनल हँडलिंग, आणि तळाशी ‘मिसलेनियस – ४,५००’. पावती नाही. फोन केला तर म्हणाले, “मॅडम, करारातच आहे ना, खर्च ॲट ॲक्च्युअल. आम्ही खरंच दिलेत.” कुणाला? “चहापाणी हो. कंटेनर अडकला असता.”

सासऱ्यांच्या वहीत याच रकमा ‘किरकोळ’ म्हणून असायच्या. मीही चार वर्षं न विचारता सह्या केल्या. ते मला आता फार लागतं.

रात्री करार काढला. ‘क्लिअरन्ससाठी झालेला सर्व खर्च कंपनी प्रत्यक्षाप्रमाणे देईल.’ नुसते शब्द धरले तर एजंटचं बरोबर. पण ‘खर्च’ म्हणजे कायद्याला चालेल असाच खर्च, नाहीतर त्या वाक्याला अर्थच उरत नाही. १८७२च्या करार कायद्याचं कलम २३ सांगतं, उद्देश बेकायदेशीर असेल तर करार रद्दबातल. कलम २२४ तर थेट आमच्यासारख्यांसाठीच आहे: गुन्हा ठरेल असं काम एजंटकडून करवून घेतलं, तर त्याच्या परिणामांची भरपाई द्यायला मालक बांधील नाही, तसं लिहून दिलेलं असलं तरी.

आणि पैसे एजंटने दिले म्हणून आपण सुटत नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून लाच देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद. द्यायला भाग पाडलं असेल तर सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवायचं (महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४). धंद्यासाठी आपल्या वतीने कुणी लाच दिली तर कलम ९ संस्थेलाच धरतं, भागीदारी फर्मही त्यात येते. बचाव एकच, असं होऊ नये म्हणून आधीपासून पुरेशी व्यवस्था ठेवली होती हे दाखवणं. बिनपावतीच्या बिलावरची माझी सही काय दाखवणार?

इंग्लंडच्या ग्राहकाच्या करारात तिथला २०१०चा लाचविरोधी कायदा नावानिशी आहे. त्यात चिरीमिरीलाही सूट नाही.

बाकीचं बिल भरलं, ४,५०० वगळले. नव्या करारात लिहिलं: ‘अधिकृत पावती असलेलाच खर्च देय राहील.’ तीन आठवडे झाले, सही होऊन आलेला नाही. सोमवारी दुसऱ्या एजंटला भेटते आहे, हे वाक्य आधी वाचून दाखवणार आहे.