बिनग्लुटेन, बिनसाखर च्युइंगम: माझा अनुभव

मूठभर कच्चे गहू तोंडात टाकून पाच-दहा मिनिटं चघळले की पिठूळ भाग लाळेबरोबर पोटात जातो आणि दाढेखाली रबरासारखा चिवट गोळा उरतो. गावाकडच्या पोरांचं हे फुकटचं च्युइंगम. त्यात ना साखर, ना रसायन. पण तो गोळा म्हणजे जवळजवळ निव्वळ ग्लुटेन, म्हणजे गहू-जवातलं प्रथिन, आणि माझ्यासारख्या सीलिॲकवाल्याला (ग्लुटेनने आतडी बिघडण्याचा आजार) नेमकं तेच वर्ज्य. म्हणून मला दुकानातलं च्युइंगम शोधावं लागलं. अटी तीन: ग्लुटेन नको, साखर नको, कृत्रिम गोडी नको. वाटलं होतं पहिली अट छळेल. छळलं तिसरीने.

ग्लुटेनचं आधी उरकते. च्युइंगमचा जो चघळायचा भाग, म्हणजे गम बेस, त्यात गव्हाचं काही नसतं. तो रबरासारखे पॉलिमर, राळ, मेण आणि टाल्क किंवा कॅल्शियम कार्बोनेटची भर यांचा असतो. धोका असतो तो बाजूच्या गोष्टींत. कांड्या कागदाला चिकटू नयेत म्हणून वर पूड भुरभुरतात. ती बहुतेक वेळा मॅनिटॉल, टाल्क किंवा पिठीसाखरेची असते, पण स्टार्चचीही असू शकते, आणि स्टार्च कशाचा हे विचारावं लागतं. दुसरी जागा म्हणजे जवाच्या माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाची, चव. तिसरी, त्याच यंत्रावर आधी काय बनलं ती. माल्टिटॉल आणि माल्टोडेक्स्ट्रिन वाचून मात्र दचकू नका. नावात माल्ट असलं तरी ते जवाचं माल्ट नव्हे. माल्टोडेक्स्ट्रिन आपल्याकडे सहसा मक्याचं असतं, आणि गव्हाचं असेल तर तसं पाकिटावर लिहावं लागतं.

भारतात पाकिटावर गहू, राय, जव, ओट यांची ॲलर्जीसूचना देणं बंधनकारक आहे, आणि ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं तर ग्लुटेन किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. परदेशातून कुणी पाकीट आणलं तर नियम त्या देशाचा. अमेरिकेत ॲलर्जीसूचनेत फक्त गहू सक्तीचा आहे, जव नाही. त्यामुळे ‘कंटेन्स व्हीट’ दिसलं नाही म्हणून तिथलं पाकीट निर्धास्तपणे फोडू नये. ‘ग्लुटेन-फ्री’ हा शब्द शोधावा; त्याची मर्यादा तिथेही २० पीपीएमच, म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅमच आहे.

कंपनीला ई-मेल करताना माझी पहिली चूक म्हणजे ‘तुमचं गम ग्लुटेन-फ्री आहे का?’ असा मोघम प्रश्न. उत्तरही मोघम आलं: आम्ही ग्लुटेनयुक्त घटक वापरत नाही. पुढच्या खेपेला तीनच प्रश्न लिहिले. वरची पूड कशाची? स्टार्च असेल तर कोणत्या धान्याचा? त्याच यंत्रावर गहू किंवा माल्ट असलेला दुसरा माल निघतो का, आणि निघत असेल तर तयार गमची तपासणी किती पीपीएमपर्यंत होते? उत्तर आलं तर नेमकं येतं, नाहीतर येतच नाही. न येणं हेही मी उत्तरच धरते.

आता गोडीचं. ‘शुगर फ्री’ म्हणजे १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नाही, एवढंच. साखरेच्या जागी काय घातलं ते मागच्या बारीक अक्षरांत, आणि तेही पुष्कळदा नावाऐवजी आकड्यांत असतं. ९५० म्हणजे एसीसल्फेम पोटॅशियम, ९५१ ॲस्पार्टेम, ९५४ सॅकरिन, ९५५ सुक्रालोज, ९६१ निओटेम. हे पाच आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवले की दुकानात उभ्याउभ्या निकाल लागतो. पानपट्टीवरची आणि किराणा दुकानातली बिनसाखरेची पाकिटं मी अशी पाहत गेले, तर सॉर्बिटॉल किंवा आयसोमाल्टच्या जोडीला ९५० आणि ९५१ जवळपास प्रत्येकावर. कारण सरळ आहे: सॉर्बिटॉल साखरेच्या निम्म्याहून थोडंच जास्त गोड, मग गोडी भरून काढायला आणि टिकवायला यांचा चिमूटभर आधार लागतो.

दुसरा गट पॉलिऑल्सचा, म्हणजे साखरेपासून बनवलेल्या गोड पदार्थांचा: ४२० सॉर्बिटॉल, ४२१ मॅनिटॉल, ९५३ आयसोमाल्ट, ९६५ माल्टिटॉल, ९६७ झायलिटॉल, ९६८ एरिथ्रिटॉल. आणि ९६० म्हणजे स्टीव्हियाचा अर्क. यांना कृत्रिम म्हणायचं की नाही, हे आपल्यापुरतं आधी ठरवून टाकावं, नाहीतर शोध संपत नाही. झायलिटॉल चालत असेल तर काम सोपं आहे. फक्त झायलिटॉलवर गोड केलेली आणि पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहिलेली गम मिळतात. कॅनडाचं ‘प्युअर’ आणि अमेरिकेचं ‘स्प्राय’ ही त्यातली नावं. झायलिटॉल साखरेइतकंच गोड असल्याने त्याला दुसऱ्या गोडीचा टेकू लागत नाही. पण सीलिॲकचं निदान नुकतंच झालं असेल, आतडी अजून हळवी असतील, तर पॉलिऑल्सनी गॅस, मुरडा, जुलाब होऊ शकतात, आणि माणूस उगाच ‘कुठून तरी गहू गेला’ म्हणून चार दिवस डबे तपासत बसतो. दिवसाला एक-दोन गोळ्यांनी सुरुवात करावी. घरात कुत्रा असेल तर पाकीट कडीकुलपात. झायलिटॉल कुत्र्याच्या जिवावर बेततं.

‘नॅचरल’ गमने मला बराच काळ फसवलं. त्यात चिकल असतं, म्हणजे चिकूच्या झाडाचा चीक. तेच झाड, ज्याची फळं डहाणू-घोलवडहून येतात, मूळचं मात्र मेक्सिको-ग्वाटेमालाकडचं. तिथे खोडावर तिरप्या खाचा मारून चीक गोळा करतात आणि कढईत आटवतात. बेस नैसर्गिक झाला, पण गोडीला बहुधा उसाची साखरच असते. म्हणजे दुसरी अट गेली.

तिन्ही अटींत बसलेली वस्तू शेवटी काष्ठौषधींच्या दुकानात मिळाली: रुमी मस्तकी, कुणी मस्तगी म्हणतं. ग्रीसच्या किऑस बेटावरच्या झुडपाची ही राळ, पिस्त्याच्या गोतातली. त्यामुळे पिस्ता किंवा काजूची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. मागताना ‘जवारिश मस्तगी’ म्हणू नका. ते साखरेच्या पाकातलं युनानी औषध आहे. पूडही घेऊ नका. अख्खे दाणे घ्या, आधी दहाच ग्रॅम, कारण ती महाग असते आणि भेसळही होते.

अस्सल दाणा फिकट पिवळा, अर्धपारदर्शक, ज्वारीपासून तुरीच्या दाण्याएवढा आणि ठिसूळ असतो. पारख तोंडातच होते. चावल्यावर आधी भुगा होतो, वाळू चावल्यासारखं वाटतं, आणि थोड्या वेळात तो भुगा गोळा होऊन पांढरा, लवचीक गम बनतो. चंद्रस (दुसऱ्या झाडाची राळ) किंवा साधी राळ असेल तर भुगा भुगाच राहतो. दुकानात त्याच तराजूवर जव-सातूची पिठंही तोलली जातात, म्हणून दाणे घरी चाळणीत गार पाण्याखाली धुऊन फडक्यावर वाळवते. राळ पाण्यात विरघळत नाही, वरचं पीठ तेवढं निघून जातं.

एका वेळी तुरीएवढे चार-पाच दाणे, साधारण अर्धा ग्रॅम. कमी घेतले तर गोळा होत नाही, दातांच्या फटीत बसतात. आधी दोन मिनिटं जिभेखाली ऊब द्यायची, मग दाढेने हळू दाबायचं. एकदम कडाड्कन चावलं तर भराव असलेली दाढ दुखावते. पहिली चव कडवट, मग देवदारासारखा वास, आणि गोडी अजिबात नाही. गार पाणी प्यायलं की गम घट्ट होतो, चहा घेतला की सैल पडून दातांना चिकटतो. गम अजून तोंडात असताना शेंगदाणे खाल्ले तर तो मऊ पडून सुटतो, कारण तेल त्याचा वैरी. कवळी असेल तर या वाटेला जाऊ नये. उन्हाळ्यात डब्यातले दाणे एकमेकांना चिकटून ढेप होते, म्हणून डबी फ्रीजमध्ये.

गोड चवच हवी असेल तर ज्येष्ठमधाची अर्ध्या बोटाची काडी चघळते, पण रोज नाही. रक्तदाब असलेल्यांनी तर नकोच. आणि मुखवास म्हणून आवळा सुपारी किंवा हिंगाची गोळी उचलण्याआधी हिंग कोणता ते पाहा. बाजारच्या बांधानी हिंगात बहुधा मैदा असतो. गममध्ये मला गहू कुठे सापडला नाही, तो आवळा सुपारीत निघाला.