ओसाकात तळ, पश्चिमेला वाट: हिमेजी, ओकायामा, हिरोशिमा आणि कोयासान

जपानला जाणारी आपली बहुतेक मंडळी टोकियो, फुजी, क्योटो करत शेवटी ओसाकाला पोचतात. तोवर पाय बोलायला लागलेले असतात, मग दोतोनबोरीच्या दिव्यांखाली फोटो काढले की सहल आटोपली. आम्ही टोकियो गाळलंच. कान्साई विमानतळावर उतरून ओसाकात तळ ठोकला आणि तिथून पश्चिमेकडे जात-येत राहिलो. बरोबर सत्तरी ओलांडलेले आई-बाबा, दोघंही शाकाहारी, त्यात आईला अंडंही चालत नाही. पुढचं सगळं त्या हिशेबानं वाचा.

आधी तिकिटांचं. देशभर चालणारा सात दिवसांचा जेआर (जपान रेल्वे) पास ऑक्टोबर २०२३मध्ये २९,६५० येनांवरून थेट ५०,००० येनांवर गेला. एवढ्या भागासाठी तो घेण्यात काही अर्थ नाही. कान्साई-हिरोशिमा एरिया पास पाच दिवस चालतो, आम्हाला माणशी १७,००० येन पडले. त्यात शिन-ओसाका ते हिरोशिमा शिंकानसेन (बुलेट ट्रेन) येते आणि मियाजिमा बेटाची जेआरची बोटही. कोयासान या डोंगरावरच्या मठांच्या गावाला मात्र नानकाई ही खासगी रेल्वे जाते, तिथे हा पास चालत नाही. म्हणून कोयासान त्या पाच दिवसांच्या बाहेर ठेवा. लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग शिंकानसेनमध्ये न्यायची तर त्यासाठीची जागा आधी राखावी लागते. तळ एकच असल्यानं आमच्या बॅगा हॉटेलातच राहिल्या, पाठीवर फक्त सॅक.

हिमेजी स्टेशनातून बाहेर पडलं की सरळसोट रस्त्याच्या टोकाला किल्ला दिसतो, पंधरा-वीस मिनिटांत चालत पोचता. आजचं रूप १६०९चं, इकेदा तेरुमासा या सरदारानं उभारलेलं. १९४५च्या हवाई हल्ल्यात शहर जळालं, किल्ला वाचला. गडकोट हिंडणाऱ्यांनी तर इथे अर्धा दिवस द्यावाच. वाट बुरुजाकडे जातेय असं वाटतं आणि अचानक उलटी वळते, दरवाजे एकेक करून अरुंद होत जातात, भिंतींत मारा करायच्या गोल, त्रिकोणी, चौकोनी जंग्या. रायगडाचा महादरवाजा ज्यानं नीट पाहिलाय त्याला गाइडची फारशी गरज पडणार नाही. फरक एवढाच की आपल्याकडे वाडे जाऊन जोती उरली आणि इथे सगळं लाकूडकाम अजून उभं आहे. आत मात्र सिंहासन, पलंग, झुंबरं असलं काही नाही. रिकामी दालनं आणि भलेमोठे खांब, बस्स. बूट काढून पिशवीत घालून हातात धरायचे आणि जवळजवळ शिडीसारखे जिने चढायचे. मोजे घसरतात. गुडघे दुखणाऱ्यांनी वर जाण्याचा हट्ट सोडावा. आई खालीच थांबली आणि शेजारच्या कोकोएन बागेत आमच्यापेक्षा जास्त रमली.

त्याच इकेदा घराण्यातल्या त्सुनामासानं ओकायामाची कोराकुएन बाग करवली, १७०० साली ती पुरी झाली. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान हिच्यावरूनच बेतलेलं आहे. बाबांची सकाळची फेरी वर्षानुवर्षं तिथलीच, त्यामुळे इथे त्यांनी नकाशा हातात घेतला नाही. पुण्यातली बाग दहा एकरांची, ही तिपटीहून मोठी. मध्ये मोकळी हिरवळ, भाताचं छोटं खाचर, चहाचा मळा, पिंजऱ्यात लाल टाळूचे क्रौंच. र्युतेन नावाच्या उघड्या विश्रामगृहाच्या मधोमध पाण्याचा पाट वाहतो. तिथे बसायला मिळतं आणि बाबा उठायला तयार नव्हते. नदीपलीकडचा काळा किल्ला बाहेरूनच बघा, मूळचा १९४५मध्ये जळाला आणि आताचा १९६६चा काँक्रीटचा आहे. हिमेजी पाहून आल्यावर आत जाण्यात हशील नाही. ते पैसे वाचवून पांढरा पीच घ्या. उन्हाळ्यात मिळतो, एका फळाची किंमत ऐकून आईनं मला कोपरखळी मारली, पण मग शेवटची फोड तिनंच खाल्ली.

हिरोशिमात स्टेशनापासून ट्रामनं जा. अणुबॉम्बनंतर उरलेली घुमटाची इमारत १९१५ची, यान लेट्झेल या चेक वास्तुविशारदाची. मुळात ते उद्योग-व्यापाराचं प्रदर्शनगृह होतं. अणुबॉम्बच्या स्मारक संग्रहालयात सकाळी दार उघडताना शिरा, नंतर गर्दीत वस्तूंपुढे उभंही राहता येत नाही. जळालेले शाळकरी कपडे, डबा, ८:१५ला थांबलेलं घड्याळ. लहान मुलांना न्यायचं का, हे आधी घरात बोलून घ्या. माझ्या मते दहाच्या आतल्यांना नको. आणि त्यानंतरच्या दोन तासांत काहीही ठरवू नका. आम्ही नदीकाठी नुसते बसलो.

संध्याकाळी मी ओकोनोमियाकी खाल्लं. ओसाकात पीठ-कोबी एकत्र कालवून भाजतात, हिरोशिमात पातळ धिरड्यावर कोबीचा डोंगर, नूडल्स, अंडं असे थर चढवतात. मला हिरोशिमाचं आवडलं, हे ओसाकात बोलू नये. शाकाहारींनी यात पडू नका: तवा सामायिक असतो आणि सॉसमध्येही मांसाचा किंवा कालवांचा अर्क असू शकतो.

मियाजिमाला जाण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. भरतीला तोरी, म्हणजे देवळाचा कमानीसारखा दरवाजा, पाण्यात उभा दिसतो, ओहोटीला त्याच्या खांबांपर्यंत चालत जाता येतं. दोन्ही साधेल असा दिवस काढा. बेटावर १०० येन प्रवासी कर आहे, तो बोटीच्या तिकिटाबरोबरच घेतात. हरणं हातातला कागद खातात, तिकिटं खिशात ठेवा. दाइगान्जी मंदिरात बेन्झाइतेन, म्हणजे आपली सरस्वती. आईनं चप्पल काढून रीतसर नमस्कार केला. मोमिजी मांजू हा तिथला प्रसिद्ध खाऊ. आत गोड वाटलेल्या डाळीचं सारण असलं तरी वरच्या पिठात अंडं असतं.

खाण्याची खरी अडचण मासा दिसतो तिथे नाही, दिसत नाही तिथे आहे. दाशी म्हणजे बहुधा माशाचा अर्क, तो सूपमध्ये, उडॉन नूडल्सच्या रश्श्यात, साध्या भाजीतही असतो. ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्यावर वेटर हसून मान डोलावतो, त्यावर विसंबू नका. मांस, मासा, दाशी, अंडं नको, असं जपानीत छापलेलं कार्ड जवळ ठेवा. एरवी उमेबोशीचं ओनिगिरी (आत खारवलेलं आंबट फळ घातलेला भाताचा गोळा), फळं, कोको इचिबान्या या साखळी उपाहारगृहांची शाकाहारी करी आणि घरचे ठेपले यांवर निभतं.

आणि मग कोयासान. ओसाकातल्या नांबा स्टेशनाहून नानकाई, शेवटी केबल कार. ८१६मध्ये कूकाई या भिक्षूनं इथे शिंगोन या बौद्ध पंथाचा मठ स्थापला. आज पन्नासेक मंदिरांत राहता येतं. महाग आहे, पण पूर्ण सहलीत काही वगळायचंच झालं तर दुसरं वगळा. संध्याकाळी लवकर, लाखी ताटांत जेवण येतं: तिळाचा तोफू, कोया-दोफू (गोठवून सुकवलेला तोफू), तळलेल्या भाज्या, लोणचं, भात. दाशी समुद्री शेवाळ आणि मशरूमची, कांदा-लसूण नाही. चातुर्मास पाळणाऱ्यांचंही भागेल. त्या रात्री आईनं एकाही वाटीबद्दल ‘यात काय आहे रे?’ विचारलं नाही.

पहाटे मंत्रपठण असतं, काही मठांत अग्नीचा विधीही. समिधा, तूपसदृश तेल, ज्वाळा पाहून बाबा म्हणाले, ‘हा तर होम.’ ओकुनोइन स्मशानाची दोन किलोमीटरची वाट उंच जपानी देवदारांतून (सुगी) जाते, दोन लाखांहून जास्त समाध्या आहेत, त्यात चक्क कंपन्यांच्याही. शेवटच्या पुलापलीकडे फोटो काढायचा नाही. कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, २०१५मध्ये बसवलेला.

डोंगर आठशे मीटर उंचीचा, ओसाकापेक्षा बराच थंड, स्वेटर हवाच. स्नानगृह बहुधा सामायिक असतं, संकोच वाटत असेल तर बुकिंग करतानाच विचारा. रोख पैसे वर नेणं बरं. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीचा गोल्डन वीक आणि ऑगस्टच्या मध्याचा ओबोन हे तिथले सुट्ट्यांचे दिवस टाळा. कोयासान शेवटी ठेवलंत तर उतरल्यावर नांबाला एक रात्र काढा. तिथून नानकाईचीच गाडी थेट कान्साई विमानतळाला जाते.