सावलीतली रानहळद : मे ते ऑगस्टच्या नोंदी

जागा : ठाणे, घोडबंदर रोड, इमारतीच्या पूर्व कुंपणालगतचा वाफा. सकाळी दोनेक तास कोवळं ऊन, मग दिवसभर आंब्याची सावली. रानहळदीला (कुर्कुमा स्यूडोमोन्टाना) एवढं पुरतं. याहून गर्द कोपऱ्यातल्या कुंड्यांत पानं झकास आली, फुलाचा दांडा मात्र एकीलाही नाही.

मे अखेर : गड्डे डोळा (कोंब फुटतो ती जागा) वर करून दोन इंच खोल, वीतभर अंतरावर लावले. मुळांच्या टोकांना बदामाएवढ्या पांढुरक्या गाठी असतात. त्या तोडू नयेत, तो कोंबाचा शिधा आहे. नुसती गाठ पेरून मात्र काही उगवत नाही, डोळ्याचा गड्डाच हवा. मिश्रण : दोन भाग लाल माती, दोन भाग चाळलेला कुजका पाला, एक भाग जाड रेती. अर्धकच्चं शेणखत अजिबात नको, पावसात कंद सडतो. वाफा नऊ इंच उंच केलाय. ठाण्यात जुलैत एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे नवल नाही, आणि सपाट वाफ्यात ते पाणी मुरायला जागाच नसते.

जून : चांगल्या सरी झाल्या की कोंब वर. खत नाही, फक्त पाल्याचं आच्छादन. बुंध्यापासून चार बोटं लांब.

जुलै-ऑगस्ट : दांडे आले. शेंड्याची गुलाबी-जांभळी ती छदं, म्हणजे दांड्यावरची पानासारखी आवरणं, फुलं नव्हेत. खरी फुलं पिवळी, खालच्या हिरव्या छदांच्या खिशांतून डोकावतात. फूल दिवसभराचं, पण छदांचा रंग बरेच दिवस टिकतो. फूलच गुलाबी-जांभळं असेल तर ती बहुधा दुसरी रानहळद, कुर्कुमा इनोडोरा.

तक्रारी तीन. पान दुमडून आत हिरवी अळी बसली असेल तर ती ग्रास डेमन फुलपाखराची. चार पानं खाईल, खाऊ द्यावी. मधला पोगा (न उलगडलेलं कोवळं पान) सुकला आणि खोडाला भोक पडून भुसा दिसला, तर खोडकिडा : तो फुटवा जमिनीलगत कापून नष्ट करा. पानांच्या कडा वाळून बुंधा मऊ पडला तर कंदकूज. गड्डा मातीसकट काढा, शेजारच्या झाडांना ट्रायकोडर्मा (कूज रोखणारी उपयोगी बुरशी) द्या, आणि आधी पाणी कुठे तुंबतंय ते शोधा. निचरा न सुधारता नुसतं औषध ओतणं फुकट.

पुढे : पावसाळा सरला की पानं पिवळी पडतील. इथेच बहुतेक रानहळदी मरतात. झाड सुकलं म्हणून माळी रोज पाइप धरतो आणि झोपलेला कंद कुजतो. पानं वाळली की पाणी बंद; वाफ्याभोवती विटा मांडून ठेवा, म्हणजे पाइपही फिरत नाही आणि कुदळही.

येऊरच्या जंगलातून गड्डे उकरू नका. ते राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथून झाड काढणं गुन्हा आहे. ज्यांच्या वाफ्यात दाटी झालीय त्यांच्याकडून पुढच्या मेमध्ये, डोळे फुगायच्या आत, जोडगड्डे मागून घ्या. काप ओला असेल तर राख लावून दोन दिवस सावलीत सुकवूनच लावा.