टाळ वाजत ठेवणारी दिंडी

2021 साली मी गटशिक्षणाधिकारी म्हणून निवृत्त झालो. त्या वर्षी आणि आदल्या वर्षीही करोनामुळे माउलींच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या, म्हणून माझी पहिली वारी 2022 ची. आळंदीला भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरली, वळकटी ट्रकमध्ये टाकली आणि दिंडीत उभा राहिलो.

सवय मात्र सुटत नव्हती. दिवे घाट चढून माथ्यावर आलो आणि मी आपला माणसं मोजायला लागलो. आमचे विणेकरी बाबा सत्तरी ओलांडलेले, ते म्हणाले, "गुरुजी, हजेरी नका घेऊ. इथं गैरहजर कोणी नसतं. मागं असतंय नाहीतर पुढं असतंय."

माझा जन्म माणदेशातला. 1972 च्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा. आई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची आणि मी तिथली सुकडी खायचो. हायस्कूल सात किलोमीटरवर, जाऊन-येऊन चौदा. त्यामुळे वारीत चालण्याचं कौतुक मला नव्हतं. गुडघ्यांना होतं, ते वेगळं. डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो, मग विस्तार अधिकारी, मग गटशिक्षणाधिकारी. एकेक पायरी चढलो की शाळा एकेक खोली लांब जायची. शेवटी तर ती संगणकातल्या तक्त्यातच उरली.

शेवटची काही वर्षं पालखीमार्गावरच्या एका तालुक्यात काढली. दर ज्येष्ठात पत्र निघायचं: मुक्कामाच्या गावच्या शाळांनी वर्गखोल्या मोकळ्या कराव्यात, स्वच्छतागृहं धुऊन ठेवावीत, मुख्याध्यापकांनी गाव सोडू नये. खाली सही माझी. त्या खोलीत रात्री चाळीस माणसं झोपतात कशी, ते मात्र मी कधी बघितलं नव्हतं. आता बघितलं. बाकं एकावर एक रचून भिंतीला लावलेली, फरशीवर पथाऱ्या, खिडकीच्या गजांना वाळत घातलेली धोतरं. फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहिलेलं तसंच राहिलं होतं: पट 31, हजर 28. सगळे घोरत होते आणि मी आपला विचार करत पडलो, ती तीन पोरं कुठं गेली असतील?

नीरा ओलांडली, पादुकांना स्नान झालं, लोणंदचा तळ आला. इथल्या समाजआरतीबद्दल लिहायचं म्हणूनच खरं तर हे सगळं लिहितोय.

संध्याकाळी पालखी तळावर येते. दिंड्या भोवती उभ्या राहतात, हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंच करतात आणि क्षणात सगळं गप्प होतं. हरवलं-सापडलं सांगितलं जातं, उद्या कधी निघायचं ते सांगितलं जातं. ही सगळी शिस्त हैबतबाबा आरफळकरांची. शिंदे सरकारांच्या पदरी राहिलेला हा आमच्या सातारा जिल्ह्याचा माणूस. पण या शांततेत एखादी दिंडी टाळ वाजवतच राहते. त्याचा अर्थ, या दिंडीची तक्रार आहे. मग चोपदार त्या दिंडीपाशी जातात, ऐकून घेतात, मार्ग काढतात. तोवर आरती थांबते.

त्या रात्री झोप आली नाही. आमच्या तालुक्यात एक दोनशिक्षकी शाळा होती, दुसरी जागा रिक्त. पहिली ते चौथी एकट्या बाईंकडे. त्यांचे तीन अर्ज माझ्या टेबलावर आले. तिन्हींवर आवक क्रमांक पडला, तिन्हींवर मी 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असं लिहिलं. चौथ्या वेळी बाई स्वतः आल्या. सातवा महिना असावा. म्हणाल्या, "साहेब, मी रजेवर गेले की शाळेला कुलूप लागेल." मी त्यांना बसा म्हटलं, चहा सांगितला, बदल्यांची प्रक्रिया समजावून सांगितली. खोटं काहीच बोललो नाही. पुढे त्या रजेवर गेल्या आणि शाळेला अकरा दिवस कुलूप होतं. मग शेजारच्या शाळेतला एक शिक्षक कामगिरीवर पाठवला. तो आदेश पहिल्या अर्जालाही काढता आला असता, माझ्याच अधिकारात होता.

लोणंद सोडलं त्या दिवशी चांदोबाचा लिंब या ठिकाणी उभं रिंगण झालं, म्हणजे वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून घोडे धावले. माझ्या वाट्याला माणसांच्या पाठी आणि घोड्याची धूळ आली, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार होती पाण्याची. तरडगावच्या तळावर आमच्या दिंडीचा टँकर पोचलाच नव्हता. सकाळपासून पिंपं कोरडी, स्वयंपाकाच्या बायका चुलीपाशी नुसत्या बसून.

आरतीला चोप वर गेला. तळ गप्प झाला. सवयीने माझेही हात थांबले. बाबांनी मागं वळून बघितलं आणि मान हलवली, म्हणजे वाजवा. आमचे टाळ चालू राहिले. आयुष्यभर मी टेबलाच्या पलीकडे बसलेलो; एवढ्या शांततेत आपलाच आवाज तेवढा येतोय, याची लाज वाटत होती. हात घामेजले, दोरी बोटांत रुतली. वाजवत राहिलो.

चोपदार आले. "बोला माउली."

बाबा दोनच वाक्यं बोलले. साडेनऊला टँकर आला.