दहापैकी किती दुखते?

माझ्या कंबरेच्या दुखण्याला यंदा सहावे वर्ष लागले. बारा आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर जुनाट म्हणतात, त्यामुळे ती पदवी मला केव्हाच मिळाली आहे. या काळात प्रत्येक तपासणीत एक प्रश्न हमखास विचारला गेला : दहापैकी किती दुखते? पहिल्या वर्षी मी सहा म्हणत असे, आज चार म्हणतो. एवढ्या वर्षांच्या खटपटीनंतर दोनच गुण कमी झाले, असे हिशेब लावणाऱ्याला वाटेल. पण सहा म्हणणारा मी साताऱ्यातल्या पोवई नाक्यापर्यंतसुद्धा रिक्षाने जात होतो आणि चार म्हणणारा मी रोज सकाळी टेकडीवरच्या ‘चार भिंती’ स्मारकापर्यंत चढून जातो.

सुरुवात साधी होती. बादली उचलताना उसण भरली. मावशीने आधी गल्लीतला एक पायाळू मुलगा शोधून आणला आणि त्याच्याकडून कंबरेला पाय लावून घेतला. त्याने काही झाले नाही, मात्र घरादाराची करमणूक झाली. मग एमआरआय झाला, ‘मणक्यात गॅप आहे’ हे वाक्य कानी पडले आणि मी घाबरलो. कंबरेचे कसलेही दुखणे नसलेल्या पन्नाशीच्या माणसांपैकी सुमारे 80 टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्यांतही झीज दिसते, हे 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात नोंदलेले आहे. ते मला त्या दिवशी कोणी सांगितले असते, तर पुढचे तीन आठवडे मी पलंगावर काढले नसते. नुकत्याच धरलेल्या कंबरेलाही झोपून राहणे मानवत नाही. हेलसिंकी महापालिकेच्या 186 कर्मचाऱ्यांवर केलेल्या आणि 1995 साली छापून आलेल्या अभ्यासात, सोसेल तेवढे रोजचे काम करत राहिलेले लोक दोन दिवस पडून राहिलेल्यांपेक्षा लवकर सावरले होते.

पलंगावरून उठलो तो पट्टा बांधूनच. वाकायचे नाही, उचलायचे नाही, खाली बसायचे नाही, अशी यादी वाढत गेली आणि पुतण्याच्या मुंजीत मी पंगत सोडून म्हाताऱ्यांच्या रांगेत खुर्चीवर जेवलो. तेव्हा माझे वय एक्कावन्न होते.

पुढे भेटलेल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी दहापैकी किती हे विचारले नाही. ऑस्वेस्ट्री नावाची प्रश्नावली हातात ठेवली. 1980 सालच्या या प्रश्नावलीत दहा विभाग आहेत आणि त्यांपैकी दुखण्याच्या तीव्रतेविषयी एकच आहे. बाकीचे नऊ स्वतःचे आवरणे, उचलणे, चालणे, बसणे, उभे राहणे, झोप, कामजीवन, लोकांत मिसळणे आणि प्रवास यांविषयी आहेत. प्रत्येक विभागाला शून्य ते पाच गुण, आणि बेरजेची दुप्पट म्हणजे अडचणीचे शेकडा प्रमाण. माझे 46 आले.

त्यांनी दिलेला उपाय सांगण्यासारखा वाटणार नाही इतका साधा होता : सकाळी पाच मिनिटे, संध्याकाळी पाच मिनिटे चालायचे आणि दर आठवड्याला दोन-दोन मिनिटे वाढवायची. अट एवढीच, की थांबायचे ते घड्याळ पाहून; दुखले म्हणून आधी नाही आणि बरे वाटते म्हणून उशिरा नाही. यातला दुसरा भाग मला फार जड गेला. बरे वाटले म्हणून एका दिवाळीला मी माळ्यावरची सगळी पिंपे खाली काढली आणि पुढचे तीन दिवस भिंत धरून चाललो. चालण्याने माझ्या चकत्या नव्या झालेल्या नाहीत. न वापरलेल्या स्नायूंना ताकद आली आणि वाकलो की काहीतरी तुटेल ही धास्ती हळूहळू ओसरली, एवढाच फरक. बादली आता अर्धीच भरतो, अंगाशी घेतो आणि गुडघे वाकवून उचलतो. पट्टा खुंटीवर आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2023 साली जुनाट कंबरदुखीसाठी व्यायाम सुचवला आणि नेहमीच्या उपचारात पट्टा नको म्हटले, हे नंतर वाचनात आले.

मात्र लघवीवरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पायातली ताकद गेली, तर हे चालणे वगैरे बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

मागच्या महिन्यात तीच प्रश्नावली पुन्हा भरली, 18 आले. पंगतीत मांडी घालून बसतो. उठताना शेजारच्याचा खांदा लागतो. ‘बसणे’ या विभागात अजून दोन गुण आहेत, कारण तासापलीकडे बसवत नाही. त्यामुळे पुण्याच्या एसटीत शिरवळ आले, की मी उठून दांडीला धरून उभा राहतो आणि कंडक्टर रिकाम्या सीटकडे बोट दाखवून दर वेळी म्हणतो, “काका, जागा आहे की, बसा.”